काशीच्या वहीतील पूर्वज

काशीयात्रा करून आलेल्या मराठी कुटुंबात एक गोष्ट हमखास सांगितली जाते. तीर्थोपाध्यायाने आडनाव आणि मूळ गाव विचारले, बासनातून एक लांबट वही काढली आणि पणजोबांचे नाव वाचून दाखविले. ऐकणाऱ्याला तो चमत्कार वाटतो. वस्तुतः ती मोठी काटेकोर व्यवस्था आहे. यजमान गावांप्रमाणे व कुळांप्रमाणे वाटलेले असतात, वह्या पित्याकडून पुत्राकडे येतात, आणि भाऊ विभक्त झाले की वह्यांचीही वाटणी होते.

काशीतील मराठी वस्ती जुनी आहे. शिवछत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकास आलेल्या गागाभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे, पण पिढ्यान्‌पिढ्या काशीत स्थायिक झालेले. पुढे पेशवाईत पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा परिसर मराठी भाषेने गजबजून गेला. या काळापासूनचे लेख वाचावयाचे म्हणजे मोडीशी गाठ पडते.

मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि तिला अक्षरे लटकावीत जातो. शब्दाशब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा विचार नाही. त्यात संक्षेप. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकाचा मुलगा. पण हा ‘बिन’ नुसता ‘बि’ आणि दोन दंड एवढाच उरतो, आणि नवखा वाचक तो नावातच मिसळून टाकतो. ‘मौ’पुढे दंड दिसले की मौजे, म्हणजे पुढे गावाचे नाव यावयाचे.

कालगणना त्याहून अवघड. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे अरबी शब्द म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे साल मृगापासून सुरू होते. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७६०, आणि जानेवारीनंतर ६००, म्हणजे १७६१. पानिपतचे वर्ष ते हेच. शिवाय काशीत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. आपला भाद्रपद वद्य पितृपंधरवडा तेथे आश्विन कृष्णपक्ष ठरतो. एकाच यात्रेची नोंद यजमानाने एका महिन्यात आणि उपाध्यायाने दुसऱ्या महिन्यात केली, तरी दोघेही खरे असतात.

जर्मनीतील चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा-वह्या वाचणाऱ्यांनाही असेच पेच पडतात. तेथील कुरेंट लिपीत ‘ए’ आणि ‘एन’ ही अक्षरे जवळजवळ सारखी, आणि सातचा आकडा घालून लिहिलेला महिना जुलै नसून सप्टेंबर! परंतु एक भेद मोठा आहे. तेथील पाद्री बाप्तिस्मा झालेले प्रत्येक मूल वहीत नोंदवी. काशीच्या वहीत जन्मलेला येत नाही, आलेला येतो. ज्यांना यात्रेचा खर्च झेपला नाही ते आप्ताने सांगितले तरच उमटले. स्त्रियांची तर पुष्कळदा ‘अमक्याची मातुश्री’ एवढीच ओळख उरते.

म्हणून वहीत नाव नसणे हा काहीच पुरावा नव्हे. आणि नाव असणे हाही पुरता नव्हे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे ‘रामचंद्र बिन बाळकृष्ण’ एकाच घरात दोनदा होऊन जातो. गोत्र, गाव आणि भावांची नावे जुळल्याखेरीज दोहोंतला एक निवडणे म्हणजे पूर्वज शोधणे नव्हे, पसंत करणे होय. छापील कुलवृत्तांतांतही अशा पसंतीचे पूर्वज क्वचित बसलेले असतात.

शाळांतून मोडी गेल्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची वाण सर्वांनाच जाणवली. हरिद्वारच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी-संस्थेने विसाव्या शतकातच घेतली. सर्वच उपाध्याय अशा कामास राजी होत नाहीत, आणि त्यास हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. वही ज्याच्या हाती, यजमान त्याचा. ती त्या घराची शेतीवाडीच होय.

आजचा यजमान त्याच वहीत बॉलपेनने, देवनागरीत लिहितो. अक्षर सुवाच्य असते; परंतु मूळ गावाच्या जागी पुष्कळदा ‘पुणे’ किंवा ‘ठाणे’ एवढेच पडते, आणि वह्या अद्याप गावांवरूनच लावलेल्या आहेत.