संततिनियमनाचा पहिला दवाखाना

१९२१ च्या मार्च महिन्यात मेरी स्टोप्स ह्या विदुषीने लंडन शहरात संततिनियमनाचा दवाखाना उघडला. त्यावरून तिकडे मोठा वाद माजला. त्याच साली आपल्या मुंबईत गणिताच्या एका प्राध्यापकाने पत्नीच्या साहाय्याने अगदी तसेच केंद्र सुरू केले. हिंदुस्थानातले हे पहिले संततिनियमन केंद्र. ह्या प्राध्यापकाचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे, आणि त्यांच्या पत्नीचे नाव मालतीबाई.

रघुनाथरावांची गोष्ट सांगण्यापूर्वी ज्या साधनापायी त्यांनी एवढा उपद्व्याप केला, त्याची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. ही कथा संततीपासून सुरू होत नाही, रोगापासून होते. सोळाव्या शतकात उपदंशाने युरोपात हाहाकार उडवला होता. पोर्तुगिजांबरोबर तो आपल्याकडेही आला. त्याच शतकातल्या आपल्या 'भावप्रकाश' ह्या वैद्यकग्रंथात त्याला 'फिरंगरोग' असे चोख नाव मिळाले आहे. इटलीत गाब्रिएल फॅलोपियो नावाचा एक शारीरशास्त्रज्ञ होता. स्त्रीच्या शरीरातील बीजवाहिन्यांना आजही त्याचे नाव आहे. त्याने औषधी द्रावणात भिजवलेले तागाच्या कापडाचे आवरण पुरुषांनी वापरावे असे सुचवले. अकराशे पुरुषांना ते वापरायला दिले आणि त्यांतल्या एकालाही रोग जडला नाही, असे त्याने लिहून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर, १५६४ साली, ते छापून आले. आजच्या संशोधकाच्या कसोटीला हा प्रयोग उतरणार नाही. पण उपाय करून पाहावा आणि माणसे मोजून त्याचा पडताळा घ्यावा, ही दृष्टी त्यात आहे. पुढे १८४४ साली चार्ल्स गुडइयरने रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि कापड व आतडी जाऊन रबरी आवरणे आली. १९२० नंतर लेटेक्सची आली. ती पातळ, टिकाऊ आणि स्वस्त होती. अशा रीतीने एकाच वस्तूची दोन कामे ठरली : रोग टाळणे आणि नको असलेला गर्भ टाळणे.

रघुनाथरावांनी ही दोन्ही कामे ओळखली होती. १९२३ साली त्यांचे 'संततिनियमन : विचार व आचार' हे पुस्तक निघाले, आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा ह्यावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या काळी गुप्तरोग झालेला माणूस वैद्याकडे जायला लाजे आणि भोंदूकडे जायला धजे. त्याचा रोग पुढे त्याच्या निरपराध पत्नीला आणि तिच्या पोटच्या पोरांना भोगावा लागे. पाप म्हणून ज्याच्याकडे लोक पाहत, त्याकडे रघुनाथरावांनी रोग म्हणून पाहिले. हिवतापाला जसे कारण असते आणि उपाय असतो, तसेच ह्यालाही असते, एवढेच त्यांचे म्हणणे. परंतु हे एवढेच म्हणणे त्या समाजाला पचण्यासारखे नव्हते.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातील मुरूडचा. अण्णासाहेब कर्व्यांचे ते थोरले चिरंजीव. आई राधाबाई १८९१ साली वारल्या, आणि पुढे अण्णांनी एका विधवेशी विवाह करून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. घरातच बहिष्काराचा अनुभव घेतलेला हा मुलगा बुद्धीने असामान्य निघाला. १८९९ च्या मॅट्रिकला तो पहिला आला. गणित हा त्यांचा विषय. पॅरिसला जाऊन त्यांनी त्याचा उच्च अभ्यास केला आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते शिकवू लागले. गणिती माणसाला एक खोड असते : गृहीत मान्य केले की निष्कर्षापासून त्याला पळ काढता येत नाही. स्त्री हे माणूस आहे हे गृहीत रघुनाथरावांनी मान्य केले. मग तिला मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, किंवा व्हावेच की नाही, हे तिने ठरवावे, हा निष्कर्ष त्यांना टाळता येईना. इतकेच नव्हे, शरीरसुखाचा हक्क पुरुषाइतकाच स्त्रीलाही आहे, हेही त्यांनी लिहिले. वडिलांनी विधवेला संसार दिला. मुलगा त्या संसारातल्या स्त्रीच्या इच्छेविषयी बोलू लागला. वडिलांच्या मागे समाज उशिरा का होईना आला. मुलाच्या मागे फारसा आलाच नाही.

विल्सन हे मिशनऱ्यांचे कॉलेज. संततिनियमनाचा प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा पेच पडला, आणि १९२५ साली रघुनाथरावांनी नोकरी सोडली. १५ जुलै १९२७ रोजी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. मुखपृष्ठावर बहुधा नग्न स्त्रीचे चित्र, आणि आत शरीर, रोग, विवाह, नीती ह्यांवर थंड डोक्याने लिहिलेले लेख. ज्यांनी मुखपृष्ठ पाहून अंक विकत घेतला असेल, त्यांची आतला मजकूर वाचून बरीच निराशा झाली असेल! मासिकाचा खरा प्राण म्हणजे वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे. जे आईबापांना विचारता येत नव्हते, डॉक्टरांनाही विचारण्याचा धीर होत नव्हता, ते लोक रघुनाथरावांना विचारत आणि तेही आडपडदा न ठेवता उत्तर देत. गावोगावच्या अबोल माणसांना मिळालेला हा एक छापील वैद्यच होता.

ह्या उत्तरांनीच त्यांना कोर्टात नेले. १९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' ह्या लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ साली वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा अश्लीलतेचा खटला झाला. ह्या वेळी त्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मासिक लैंगिक विषयाला वाहिलेले असेल तर त्यात त्याच विषयाचे प्रश्न येणार. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही. आणि वाचकाच्या मनात काही विकृत असेल तर ते ज्ञानाने जाईल, अज्ञानाने नाही, असा त्यांच्या बाजूचा रोख होता. खटला हरला. दंड दोनशे रुपये. आंबेडकरांनी मात्र हा विषय सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या पक्षाचे श्री. रोहम ह्यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर १९३५ साली वर्ध्याला गांधीजींना भेटल्या होत्या. तेव्हाही संयमाखेरीज दुसरा उपाय गांधीजींना मान्य झाला नव्हता.

रघुनाथरावांच्या पाठीशी थोडी माणसे उभी राहिली. त्यांत रँग्लर परांजपे ह्यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे ह्यांचे नाव अगत्याने घेतले पाहिजे. त्यांनी हे काम पुढे वर्षानुवर्षे चालवले. मासिक मात्र सदैव तोट्यातच. तरीही सव्वीस वर्षे ते निघत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव वारले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर 'समाजस्वास्थ्य'ही थांबले. अण्णासाहेब त्या वेळी पंचाण्णव वर्षांचे होते. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

काळाची थट्टा अशी की, ज्या मुंबईत रघुनाथरावांना दंड झाला, त्याच मुंबईत त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १९५४ साली, गर्भनिरोधक साधनांची चाचणी घेणारे सरकारी संशोधन केंद्र उघडले. देशाने १९५२ सालीच कुटुंबनियोजन हे सरकारी धोरण म्हणून स्वीकारले होते. १९६८ साली 'निरोध' बाजारात आला. पंधरा पैशांना तीन. पतंजलीने योगाच्या व्याख्येत वापरलेला हा शब्द थेट किराणा दुकानाच्या फळीवर येऊन बसला, आणि चहा, साबण व सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांनी तो गावोगाव पोचवला. लाल त्रिकोण शाळेतल्या पोरांनाही ओळखता येऊ लागला.

परंतु साधन आले तसा रघुनाथरावांचा विचार आला नाही. त्यांना बाईची इच्छा हवी होती. सरकारला आकडा हवा होता. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांत जबरदस्तीच्या कितीतरी होत्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. संततिनियमन ह्या शब्दालाच त्यानंतर भीतीचा वास येऊ लागला.

मग रोग परत आला. १९८६ साली मद्रासमध्ये एड्सच्या विषाणूची देशातली पहिली नोंद झाली. ती करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. लस नव्हती, औषध नव्हते. होते ते फॅलोपियोच्या आवरणाचे रबरी वंशज. सांगलीत 'संग्राम' ह्या संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच ह्या कामात पुढे केले. त्यांना नीतीचे पाठ देण्याऐवजी माहिती आणि साधन हाती दिले, तेव्हा त्यांनी ते आपल्या मैत्रिणींपर्यंत नेले. 'समाजस्वास्थ्य'ची रीत नेमकी हीच होती.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील तीन आकडे पाहा. विवाहित जोडप्यांपैकी सुमारे अडतीस टक्क्यांत स्त्रीची नसबंदी झालेली आहे. निरोध वापरणारी जोडपी साडेनऊ टक्के. पुरुषाची नसबंदी शेकडा एकही नाही; हजारांत तीन. साधन सर्वांत सोपे आणि निर्धोक ते पुरुषाचे, आणि सुरी मात्र बाईच्या पोटावर. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतल्या त्या छोट्या केंद्रात बसून रघुनाथराव आणि मालतीबाई जोडप्यांना जे समजावून सांगत होते, त्यातला निम्मा धडा, पुरुषाचा, आपण अजून गिरवायचाच आहे.