पुढच्या स्वारासाठी

शर्यतीत मोटारसायकलवरून पडलेल्या सोबत्याभोवती माणसे कशी गोळा होतात, हे या खेळाच्या जवळ असलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. कोणी त्याची मोडकी गाडी व्हॅनमध्ये घालून घरी पोचवतो, कोणी रात्री रुग्णालयात थांबतो, कोणी वर्गणीची यादी फिरवतो. या मायेचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण तिच्याच पोटातून जन्मलेली दुसरी गोष्ट तितक्या ठळकपणे मांडली जात नाही. पडलेल्याची शुश्रूषा करता करता त्याचे सोबती एक प्रश्न विचारू लागले: पुढच्या आठवड्यात आणखी कोणी पडला तर त्याच्यापर्यंत कोण पोचणार, किती वेळात आणि हातात काय घेऊन? हेल्मेटची सक्ती, रस्त्यावर गस्त घालणारे मार्शल, शर्यतीमागून धावणारा डॉक्टर, फिरता दवाखाना या सगळ्यांची मुळे या प्रश्नात आहेत. स्वारांच्या परस्परमदतीचे सर्वांत मोठे काम मला इथे दिसते. एका मित्रासाठी सुरू झालेली धावपळ पुढच्या अनोळखी स्वारासाठी कायमची सोय होऊन बसली, आणि बहुतेक वेळा सरकार व आयोजक तिच्यामागून आले.

सुरुवात हेल्मेटपासून करू. पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर डॉ. एरिक गार्डनर हे वैद्यकीय अधिकारी होते. डोक्याला मार लागलेले मोटारसायकलस्वार त्यांच्यापुढे वरचेवर येत. त्यांनी लंडनच्या बेथनल ग्रीनमधील एका कारागिराकडून कॅनव्हास आणि लाखेचे टणक शिरस्त्राण बनवून घेतले. मोटारसायकल खेळाची ब्रिटिश संघटना असलेल्या ऑटो-सायकल युनियनने आधी ते धुडकावले, पण गार्डनर मागे लागले आणि १९१४ च्या आयल ऑफ मॅन टीटी शर्यतीत ते प्रत्येक स्वाराला सक्तीचे झाले. पुढचा कालक्रम पाहण्यासारखा आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात डोक्याला मार लागून गेले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदाने पुढे अशा जखमांचा अभ्यास हाती घेतला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने निरोप पोचवणाऱ्या आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये कायदा झाला १९७३ मध्ये. म्हणजे शर्यतीच्या जगाने जे १९१४ मध्ये मान्य केले, ते देशाच्या कायद्यात यायला ५९ वर्षे लागली. १९७३ च्या सक्तीला विरोध करण्यात काही दुचाकीस्वारच पुढे होते, हेही खरे. आपला समूह नेहमी शहाणाच वागला, असा दावा कोणत्याच समूहाला करता येत नाही. पण ज्यांनी सोबत्याला ट्रॅकवर निपचित पडलेले पाहिले होते, त्यांनी ही गोष्ट आधी स्वीकारली.

आयल ऑफ मॅनचा डोंगरी मार्ग एका फेरीला सुमारे ६० किलोमीटरचा. गावातून, शेतांच्या दगडी कुंपणांमधून आणि शेवटी उघड्या डोंगरावरून तो जातो, आणि डोंगरावर भरदुपारीही धुके उतरते. १९३४ च्या शर्यतीत सिड क्रॅबट्री या नामांकित स्वाराचा अशाच धुक्यात डोंगरावर अपघाती मृत्यू झाला. पुढच्या वर्षापासून फिरते मार्शल नेमले गेले: मोटारसायकलवर बसून मार्गावर ठिकठिकाणी तयार राहायचे आणि एखादा स्वार दिसेनासा झाला की त्याच्या शोधात निघायचे. हे काम अनुभवी स्वारांकडेच सोपवले गेले, कारण त्या रस्त्यावर त्या वेगाने दुसरे कोणी जाऊच शकत नव्हते. १९६३ मध्ये तिथे बचावाचे हेलिकॉप्टर आले. त्याच मार्गावर होणाऱ्या हौशी स्वारांच्या मँक्स ग्रां प्रीसाठी तर दुसऱ्या हेलिकॉप्टरचा खर्च उचलायला चाहत्यांची संघटना पैसे जमवते. एका रुग्णासाठी फिरणाऱ्या वर्गणीच्या यादीहून ही वर्गणी वेगळी आहे. जो अजून पडलेला नाही, ज्याचे नावही देणाऱ्याला माहीत नाही, त्याच्यासाठी ती दिलेली असते.

या इतिहासातला सर्वांत मोलाचा अध्याय इटलीत घडला. क्लॉडिओ कोस्टा इमोला गावचे. वडील केको कोस्टा तिथल्या शर्यतींचे आयोजक, त्यामुळे मुलाचे बालपण स्वारांच्या सहवासातच गेले. डॉक्टर झाल्यावर क्लॉडिओंनी १९७२ च्या इमोला २०० मैल शर्यतीत ट्रॅकच्या कडेने डॉक्टर उभे केले. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की ती कोणाला सुचावी लागली असेल हेच पटत नाही. तोवर साधारण रीत अशी की जखमीला रुग्णवाहिकेत घालायचे आणि गावातल्या रुग्णालयाकडे पिटाळायचे. श्वास अडकलेल्या माणसासाठी तो प्रवासच जीवघेणा ठरे. १९७३ च्या मे महिन्यात मोन्झा येथे पहिल्याच वळणावर अनेक स्वार एकमेकांवर आदळले आणि यार्नो सारिनेन व रेन्झो पासोलिनी हे दोन लाडके स्वार एकाच क्षणी गेले. कोस्टांच्या मनात चाकांवरच्या दवाखान्याची कल्पना होती. एजीव्ही हेल्मेट बनवणारे जिनो अमिसानो यांनी तिला पैसा दिला, आणि १९७७ च्या हंगामात ‘क्लिनिका मोबिले’ रस्त्यावर आली.

ती पहिल्यांदा उभी राहिली १ मे १९७७ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबुर्गरिंगवर, आणि त्याच दिवशी तिची कसोटी लागली. ३५० सीसीच्या शर्यतीत अनेक गाड्या एकमेकींत अडकल्या. स्विस स्वार हान्स श्टाडेलमान ठार झाला. जॉनी सेकोट्टो, पॅट्रिक फर्नांडेझ, डीटर ब्राउन यांना गंभीर दुखापती झाल्या. अधिकृत मदत पोचायला लागलेला वेळ स्वारांनी डोळ्यांनी पाहिला, आणि कोस्टांची माणसे काय करू शकतात तेही पाहिले. मग त्यांनी जे केले, ते माझ्या मते या प्रथेचे सर्वोच्च रूप आहे. बहुतेक आघाडीच्या स्वारांनी त्याच दिवशीची ५०० सीसीची शर्यत धावायला नकार दिला. ती शर्यत उरलेल्यांत झाली आणि ४२ वर्षांचे जॅक फिंडले जिंकले. निकालाच्या तक्त्यात तो फक्त एक विजय दिसतो, पण त्या दिवशी जे धावले नाहीत त्यांचा नकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जागतिक स्पर्धेत एका शर्यतीचे गुण सोडणे म्हणजे स्वाराने स्वतःच्या वर्षभराच्या कमाईतून कापून दिलेली वर्गणीच.

असा नकार याआधीही एकदा निर्णायक ठरला होता. जून १९७२ मध्ये आयल ऑफ मॅनवर, पावसात, जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन स्वार ठार झाला. त्याचा मित्र जाकोमो अगोस्तिनी तेव्हा जगातला सर्वांत यशस्वी स्वार होता. त्याच स्पर्धेत तो जिंकला, पण पुन्हा त्या बेटावर शर्यत धावणार नाही असे त्याने जाहीर केले आणि ते पाळले. त्याच्यामागोमाग इतर मोठी नावेही गेली. १९७६ नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा गेला आणि १९७७ पासून ब्रिटिश ग्रां प्री सिल्व्हरस्टोनला भरू लागली. टीटी आजही होते, पण पोटासाठी किंवा करारापोटी तिथे जावेच लागेल अशी सक्ती उरली नाही. हा बदल कोणत्याही मदतनिधीपेक्षा मोठा होता.

इथे पहिला आक्षेप येतो. गार्डनर, केर्न्स, कोस्टा ही सगळी डॉक्टर मंडळी. मग श्रेय स्वारांच्या बिरादरीला का? केर्न्सच्या बाबतीत आक्षेप बरोबर आहे, ते बाहेरचेच होते. इतरांची गोष्ट निराळी. गार्डनर ट्रॅकवरचेच डॉक्टर होते आणि कोस्टा पिटमध्ये वाढले. शिवाय डॉक्टराला युक्ती सुचली म्हणून व्यवस्था उभी राहत नाही. ती सक्तीची करायला संघटना लागते, चालवायला पैसा लागतो, आणि आयोजकाने टाळाटाळ केली तर गाडी सुरूच न करणारे स्वार लागतात. या तिन्ही गोष्टी समूहाने पुरवल्या.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो टाळता येणार नाही. ही सगळी काळजी शेवटी माणसाला पुन्हा त्याच धोक्यात लोटण्यासाठी तर नाही ना? उदाहरणे दोन्ही बाजूंनी आहेत. जून १९९२ मध्ये असेन येथे मिक डूहानचा उजवा पाय मोडला, शस्त्रक्रियेनंतर रक्तपुरवठा बिघडला आणि पाय कापावा लागेल अशी वेळ आली. कोस्टांनी त्याला विमानाने बोलोन्याला नेले आणि चांगल्या पायातले रक्त दुखऱ्या पायाला मिळावे म्हणून दोन्ही पाय एकमेकांना शिवले. सुमारे दोन आठवडे तो तसाच होता. पाय वाचला. घोटा मात्र नीट वळेना, म्हणून मागचा ब्रेक हाताच्या अंगठ्याने दाबायची सोय करून घेऊन तो १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षे जगज्जेता झाला. पण जुलै २०२० मध्ये हेरेझ येथे मार्क मार्केझचा दंड मोडला, मंगळवारी शस्त्रक्रिया झाली आणि त्याच शनिवारी तो पुन्हा गाडीवर बसला. थोड्याच दिवसांत हाडाला बसवलेली धातूची पट्टी निकामी झाली, सबंध हंगाम गेला आणि २०२२ पर्यंत त्याच हातावर आणखी तीन शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. परत येण्याची स्वाराची घाई हेच प्रेम समजून तिला साथ देणे ही या समूहाची जुनी खोड आहे, आणि तिने माणसांचे नुकसान केले आहे. पण या आक्षेपावरून मदतच चूक ठरत नाही. ‘लवकर परत ये’ म्हणणारी मदत आणि ‘आज कोणीच धावायचे नाही’ म्हणणारी मदत एकाच मायेतून येते. साल्झबुर्गरिंगला दुसरी वरचढ ठरली, हेरेझला पहिली.

आणि जो परत येऊच शकत नाही, त्याचे काय? सप्टेंबर १९९३ मध्ये मिसानोला आघाडीवर असताना वेन रेनी पडला आणि छातीखालचे शरीर कायमचे लुळे झाले. तीनदा जगज्जेता झालेला, पैसा आणि नाव असलेला माणूस होता. तो व्हीलचेअरवरून संघाचा व्यवस्थापक म्हणून परतला, आणि पूर्वीचा प्रतिस्पर्धी एडी लॉसन याच्या सोबतीने हाताने चालवायच्या कार्टवर धावू लागला. २०२२ मध्ये इंग्लंडच्या गुडवुडला तो आपली जुनी ५०० सीसी यामाहा घेऊन उतरला तेव्हा केनी रॉबर्ट्स, डूहान, केव्हिन श्वांट्झ हे जुने स्वार सोबतीला गाड्यांवर होते. ही मैत्री तीस वर्षे टिकली. पण रविवारी हौसेने धावणाऱ्या सुताराला किंवा मेकॅनिकला असे सोबती आणि अशा सोयी क्वचितच मिळतात. पहिल्या महिन्यातली वर्गणी भरभरून येते. दहाव्या वर्षीचा फिजिओथेरपीचा खर्च घरच्यांवरच पडतो. सोबत्यांच्या मदतीने अपघातानंतरचा पहिला तास जितका सांभाळला, तितकी पुढची वर्षे सांभाळलेली नाहीत.

पहिल्या तासाचे काम किती दूर जाऊ शकते, ते उत्तर आयर्लंडमध्ये दिसते. तिथल्या शर्यती बंद केलेल्या सार्वजनिक रस्त्यांवर, झुडपी कुंपणांच्या आणि विजेच्या खांबांच्या मधून होतात. पहिल्या फेरीत सगळे स्वार घोळक्याने जातात, म्हणून पडण्याची भीती तेव्हा सर्वांत जास्त. त्यामुळे शेवटचा स्वार सुटला की त्याच्या पाठोपाठ मोटारसायकलवर डॉक्टर निघतात. अंगावर स्वाराचेच चामडी कपडे, पाठीवर श्वासनलिकेत घालायची नळी, भूल, छातीत कोंडलेली हवा मोकळी करायची साधने. रुग्णवाहिका त्या अरुंद रस्त्यावर वळेपर्यंत हे उपचाराला लागलेले असतात. (मुंबईत २०१७ साली १०८ सेवेत आलेल्या दुचाकी रुग्णवाहिकांमागेही हाच हिशेब आहे: चारचाकी अडकते तिथे दोन चाके पोचतात.) डॉ. जॉन हाइंड्स हे शर्यतीमागून धावणाऱ्या या डॉक्टरांपैकी एक, एरवी क्रेगाव्हन रुग्णालयात भूल आणि अतिदक्षता विभागाचे तज्ज्ञ. रस्त्याच्या कडेला जे शक्य झाले ते सगळ्या रुग्णांना का मिळू नये, असे ते विचारत, कारण युनायटेड किंग्डममध्ये केवळ उत्तर आयर्लंडकडे हवाई रुग्णवाहिका नव्हती. तिच्यासाठी त्यांनी मोहीम चालवली. जुलै २०१५ मध्ये डब्लिनजवळच्या स्केरीज येथे शर्यतीच्या सरावात वैद्यकीय कर्तव्यावर असताना त्यांच्याच मोटारसायकलला अपघात झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. शर्यतीच्या चाहत्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहीम थांबू दिली नाही. हजारो सह्यांचे निवेदन सरकारपुढे गेले. जुलै २०१७ मध्ये लोकवर्गणी आणि सरकारी रुग्णवाहिका सेवा यांच्या भागीदारीतून हेलिकॉप्टर उडू लागले. त्याची पहिली फेरी शर्यतीसाठी नव्हती. ट्रॅक्टरखाली सापडलेल्या एका शेतकरी घरातल्या मुलाला त्याने बेलफास्टच्या रुग्णालयात पोचवले, आणि तो मुलगा वाचला.