मूल घरी का परतत नाही? १९२४ सालचा हिशोब

'घरची परिस्थिती बालिकेचा ताबा देण्यायोग्य नाही.' एका गृहचौकशी अहवालातलं हे वाक्य. आई ऊसतोड कामगार, बाप वारलेला, गायरानावर पत्र्याचं घर. मुलगी अकरा वर्षांची, तीन वर्षांपासून बालगृहात. चौकशीला गेलेला माणूस पत्रे मोजून आला. मुलीला आईकडे जायचंय का, आई तिला सांभाळू शकते का, शकत नसेल तर नेमकं काय कमी पडतंय, यातलं काहीच त्यात नव्हतं. या कामात नवा होतो तेव्हा मला हा एखाद्या कर्मचाऱ्याचा आळस वाटायचा. आता वाटतं, त्या वाक्यामागे शंभर वर्षं उभी आहेत.

१९२४ साल घ्या. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा झाला. निराधार, भीक मागणारी किंवा गुन्ह्यात सापडलेली मुलं सरकारमान्य शाळांत ठेवण्याची सोय त्याने केली. 'रिमांड होम' हा शब्द आपल्या वस्त्यांत आजही धाक घालायला वापरतात, त्याचं मूळ याच व्यवस्थेत. त्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदा नव्याने एकत्र करून पक्का केला गेला. आणि २० जुलैला बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली.

यातला दुसरा कायदा नीट समजून घ्यायला हवा. १८७१ च्या मूळ कायद्याने माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. १८९७ च्या दुरुस्तीने सरकार त्यांच्या मुलांपर्यंत पोचलं: चार ते अठरा वर्षांचे मुलगे आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवता येतील. १९२४ च्या कायद्यातही मुलं काढून घेण्याचा हा अधिकार कायम राहिला. मुलाने काय केलं, हा प्रश्नच नव्हता. आईबापांची जात हाच पुरावा. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांच्या घराघरांत आठवणीत आहे. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. पण 'हे आईबाप मूल वाढवायला लायक नाहीत' हा समज कोणत्या राजपत्राने रद्द केला?

आता त्याच सोलापुरात या. १९२५ मध्ये हितकारिणी सभेने तिथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. तेही मुलांना घराबाहेर ठेवणारंच. मग फरक काय? शाहू महाराजांच्या कोल्हापुरात १९०८ मध्ये सुरू झालेलं मिस क्लार्क बोर्डिंग असो की सोलापूरचं वसतिगृह, तिथे मूल शिकायला येत होतं. आईबाप त्याला आपल्या मर्जीने पाठवत होते आणि सुट्टीत ते आपल्या वाड्यावर परतत होतं. एका जागी मुलाला घराची लाज शिकवली गेली, दुसऱ्या जागी घर उभं करायची ताकद दिली गेली. दोन्ही ठिकाणी एका खोलीत ओळीने झोपणारी मुलंच दिसतात, म्हणून आपले कार्यकर्तेसुद्धा दोन्हीला एकाच नावाने 'संस्था' म्हणतात.

बाबासाहेबांचं स्वतःचं बालपण पाहा. आई लवकर गेली, वडील नोकरीसाठी दुसऱ्या गावी, सांभाळ केला मीराआत्याने. आजच्या भाषेत ही नातलगांकडची काळजी. मीराआत्याच्या घरी कोणी गृहचौकशीला गेलं असतं तर काय शेरा मारला असता? १९०१ मध्ये ही भावंडं साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले नेईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचं, असं ठरलं. वाटेत पाणी मिळालं नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे सगळं आहे. बाप बोलावणारा, मुलं आतुर. आडवी आली ती जात.

आजचा कायदा मात्र वेगळं सांगतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३ प्रमाणे संस्था हा शेवटचा उपाय. कलम ४० म्हणतं, मुलाला कुटुंबात परत पाठवणं हे बालगृहाचं मुख्य उद्दिष्ट. पैसाही आहे: मिशन वात्सल्यखाली प्रायोजकत्वाचे महिना ४,००० रुपये, राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना वेगळी. मग अडतं कुठे? संस्थेचं अनुदान मुलांच्या संख्येवर मिळतं. मूल घरी गेलं की खाट रिकामी आणि अनुदान कमी. कडू आहे, पण महापुरुषांची नावं लावून बालगृहं चालवणाऱ्या आपल्याच काही लोकांनाही हे गणित पाठ आहे.

उलट टोकही धोक्याचंच. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना पत्र लिहिलं, मुलं शंभर दिवसांत घरी पाठवा. टाळेबंदीने चुली विझलेल्या घरांत! डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की परत गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी महिना दोन हजार द्या. आणि काही घरं खरंच सुरक्षित नसतात. बापाच्या दारूला आणि मारहाणीला कंटाळून पळालेल्या पोराला तिथेच नेऊन सोडणं म्हणजे पुनर्वसन नव्हे, हे मी स्वतः चुकून शिकलोय. एका मुलाला आम्ही घाईने घरी पोचवलं, पाठपुरावा केला नाही. दोन महिन्यांनी तो पुन्हा फलाटावर सापडला. त्या वेळी बापापेक्षा आमचाच दोष मोठा होता.

म्हणून घर आणि संस्था यांतलं एक निवडा, असा हा वाद नाहीच. गरिबी हे मूल काढून घेण्याचं कारण होऊ शकतं का, एवढाच प्रश्न आहे. गरिबीवर इलाज पैसा, रेशन, हंगामात गावातच राहायची सोय. मारहाणीवर इलाज वेगळा. अहवालात मात्र दोन्हीला एकच शब्द: 'परिस्थिती योग्य नाही'.

त्या मुलीच्या प्रकरणात आम्ही बालकल्याण समितीपुढे नव्याने चौकशी मागितली. अर्जाला तीन कागद जोडले: प्रायोजकत्वाचा अर्ज, गावातल्या शाळेचं प्रवेशपत्र, आणि आई तोडीला गेल्यावर मुलीला सांभाळायला तयार असलेल्या मावशीचं लेखी संमतिपत्र. मावशीला सही येत नाही, म्हणून अंगठा आहे. पुढची तारीख दिवाळीनंतर, म्हणजे आईची टोळी कारखान्याकडे निघून गेल्यावर. तारीख अलीकडे घ्या म्हणून परवा आणखी एक अर्ज दिलाय.