कात्री (शिवण, वाकळ व भरतकामाची)

कापड, चिंध्या व धागा कापण्याचे दोन पात्यांचे हत्यार. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागातल्या कवठे महांकाळ तालुक्यात कात्रीचा वावर शिंप्याच्या दुकानापुरता नाही. द्राक्षबागेत मण्यांची विरळणी अरुंद पात्यांच्या छोट्या कात्रीने होते, मेंढीची लोकर मोठ्या कातरीने उतरते. बागेतली कात्री कापडाला लावावी असे कोणाच्या मनातही येत नाही. शिवणाच्या बाबतीत मात्र खरेदी करणारा नेमका इथेच गोंधळतो, कारण एकाच कामासाठी डझनभर प्रकार त्याच्यापुढे मांडलेले असतात. प्रकारांच्या या यादीपेक्षा पात्यांच्या सांध्याकडे आधी पाहावे. तिथे पेच आहे की ठोकलेले रिव्हेट, यावर कात्री किती वर्षे टिकेल हे बरेचसे ठरते.

याचे कारण कात्रीच्या घडणीत आहे. तिची पाती आतल्या अंगाने किंचित बाकदार असतात. मिटताना ती एका वेळी एकाच बिंदूवर एकमेकींना टेकतात, हा बिंदू सांध्यापासून टोकाकडे सरकत जातो आणि कापड तिथे कातरले जाते. सांधा ढिला पडला की पाती फाकतात, मलमलीसारखे मऊ कापड त्यांच्यामध्ये दुमडून अडकते, आणि घरात धार गेल्याची तक्रार सुरू होते. पुष्कळदा पेच थोडा आवळला की काम भागते. रिव्हेटच्या कात्रीला ही सोय नाही. ती ठोकून घ्यावी लागते आणि जास्त ठोकली गेली तर जड चालते. धार लावतानाही पेच काढून पाती सुटी करता येतात. सहाणेवर फक्त बाहेरची उतरती कड घासायची असते. आतली बाजू घासली की बाक बिघडतो, आणि मग कितीही आवळले तरी पाती नीट जुळत नाहीत.

भारी पोलादाची परदेशी कात्री घेतली तर ही कटकट टळेल, असा आक्षेप येतो. चांगल्या पोलादाची धार जास्त टिकते हे खरे. पण सांधा कोणत्याही कात्रीचा सैल होतो आणि धारही कधी ना कधी लावावीच लागते. मेरठच्या कात्रीला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची पाती मोटारी व रेल्वेच्या भंगारातल्या पोलादातून घडवतात, आणि तिची ख्याती पुन्हा पुन्हा दुरुस्त होऊन वापरात राहण्याबद्दलच आहे. तालुक्याच्या गावी धार लावणारा सापडतो, परदेशी कंपनीचे दुरुस्ती केंद्र सापडत नाही. निवडीत हेही धरले पाहिजे.

वाकळ शिवणाऱ्या बाईला तर कात्री फार थोडी लागते. जुने लुगडे वा धोतर काठाशी कातरून हाताने फाडले की सुताच्या रेषेत सरळ फाटते. ही सरळ रेघ कात्रीने क्वचितच साधते. थर जमिनीवर अंथरून धावदोरा घातल्यावर कडा छाटायला आठ ते दहा इंची, वाकड्या मुठीची कात्री पुरते. मूठ वाकडी असल्याने खालचे पाते जमिनीला टेकून चालते, कापड उचलले जात नाही आणि थर सरकत नाहीत. जपानच्या ओल्फा कंपनीने 1979 मध्ये आणलेला फिरत्या पात्याचा कटर एकसारखे शेकडो चौकोन कापणाऱ्याला सोयीचा आहे. त्याला खाली खास मॅट लागते, आणि ठिगळांच्या वाकळीत चौकोन मुळात सारखे नसतात. नागमोडी पात्याची कात्रीही अशीच: सुती कापडाची कड ती कमी उसवू देते, पण धुलाईला टिकेल असे शिवण तिने वाचत नाही, शिवाय तिला धार लावणे अवघड.

भरतकामाचे तसे नाही. तिथे वेगळी कात्री खरोखरच लागते, कारण टाक्याच्या मुळाशी धागा तोडताना खालचे कापड वाचवायचे असते. साडेतीन-चार इंच लांबीची, बारीक टोकाची कात्री घ्यावी आणि दुकानातच मलमलीची चौघडी करून केवळ टोकाने कापून पाहावी. टोकाशी कापड चिमटले गेले तर ती परत ठेवावी. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये ही घरोघरची ताकीदही रास्त आहे; कागदात चिनी मातीसारखी खनिजे मिसळलेली असतात आणि ती धार बोथट करतात.

डावखुऱ्यांना मात्र पेचाचा हा नियम पुरत नाही. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याचा दाब पाती जुळवण्याऐवजी फाकवतो, आणि कापायची रेघही वरच्या पात्याआड जाते. पेच कितीही आवळला तरी हा दोष जात नाही. दोन्ही हातांना चालते म्हणून विकल्या जाणाऱ्या कात्रीतही बहुधा मूठच तेवढी सारखी असते, पाती उजव्याच हाताची. डावखुऱ्याने पात्यांचा क्रम उलटा असलेली कात्री मागून घ्यावी.