दुसऱ्यांदा ओलांडलेली सीमा

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात परत पाठवलेले १०४ भारतीय होते. त्यांपैकी तिघे महाराष्ट्रातले. त्यांना बेड्या घालून आणल्याचे कळले आणि आपल्याकडे संताप उसळला. 'ही माणसे काय गुन्हेगार आहेत?' असे जो तो विचारत होता. चोरवाटेने सीमा ओलांडली असेल, तर अमेरिकी कायद्याचे उत्तर 'होय' असेच आहे. हे उत्तर कुणा एका अध्यक्षाच्या डोक्यातून निघालेले नाही. ते १९२९ सालचे आहे. मी कायद्याचा पदवीधर नाही. पण त्या दिवसापासून हे जुने कायदे आणि निवाडे वाचत बसलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

१९२९ पूर्वी परवानगीवाचून अमेरिकेत शिरलेल्याला सरकार हाकलून देऊ शकत असे, मात्र नुसत्या शिरण्याबद्दल तुरुंगवास नव्हता. हद्दपारी ही शिक्षा नसून निव्वळ प्रशासकीय कारवाई आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये चिनी मजुरांच्या खटल्यात म्हटले होते. पुढे १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागाला दार बंद झाले. १९२४ च्या कायद्याने युरोपातल्या देशांना कोटा ठरवून दिला. मेक्सिकोला मात्र कोटा लावला नाही, कारण टेक्सास-कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांना कापूस वेचायला आणि रेल्वे कंपन्यांना रूळ टाकायला मेक्सिकन हात हवे होते.

वंशशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांना हे खुपत होते. त्यांच्यातलाच एक साऊथ कॅरोलिनाचा सिनेटर कोलमन ब्लीस; गोऱ्यांच्या वर्चस्वाचा तो उघड पुरस्कर्ता होता. त्याने पुढे रेटलेल्या विधेयकाने दोन्ही बाजूंचे भागले. संख्येवर बंधन नको. पण नाक्यावर कर आणि व्हिसाची फी भरून, साक्षरतेची परीक्षा देऊन जो येणार नाही, तो गुन्हेगार. ४ मार्च १९२९ रोजी हा कायदा झाला. चोरून प्रवेश हा किरकोळ गुन्हा ठरला, शिक्षा एक वर्षापर्यंत. हद्दपारीनंतर पुन्हा प्रवेश केला तर ती 'फेलनी', म्हणजे गंभीर गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पुढच्या दशकभरात चाळीस हजारांहून अधिक खटले झाले. १९३२ मध्ये एल पासोजवळ ला टूना हा नवा तुरुंग उभा राहिला.

आपल्याला ही रचना अनोळखी वाटू नये. मुंबईतल्या तडीपार इसमाने मुदतीपूर्वी घरी परतणे हाच स्वतंत्र गुन्हा असतो. फरक एवढाच की आपली तडीपारी ठरावीक मुदतीची असते आणि निदान कागदोपत्री तरी आधीच्या वर्तनावर आधारलेली असते. अमेरिकेतल्या त्या मजुराचे आधीचे वर्तन म्हणजे नदी ओलांडणे, एवढेच असू शकते.

१९८८ मध्ये अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी' ही नवी वर्गवारी आली. सुरुवातीला तिच्यात खून, अमली पदार्थांचा आणि शस्त्रांचा व्यापार एवढेच होते. १९९६ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने ही यादी फुगली. एक वर्षाची शिक्षा झालेली चोरीही तिच्यात आली, मग ती शिक्षा प्रत्यक्षात स्थगित का असेना. असा शिक्का बसलेला माणूस हद्दपारीनंतर परतला, तर वीस वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सराईत गुन्हेगार नसतातच असे नव्हे. हद्दपार होऊन परतलेल्यांनी खून-बलात्कार केल्याची प्रकरणे आहेत, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांना इतिहासाचे दाखले देणे क्रूरपणाचे ठरेल. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर एक तरुणी गोळी लागून मेली. आरोपी पाच वेळा हद्दपार झालेला होता. स्थानिक तुरुंगाने त्याला केंद्रीय यंत्रणेच्या हवाली न करता सोडले होते, आणि त्याबद्दलचा लोकांचा राग समजण्यासारखा होता. पुढे खटल्यात गोळी जमिनीवर आपटून उसळल्याचे समोर आले आणि ज्यूरीने त्याला खुनाच्या आरोपातून मुक्त केले. त्याच्या नावावरचे आधीचे गुन्हे मुख्यतः अमली पदार्थांचे आणि पुनःप्रवेशाचे होते.

दुसरे प्रकरण याहून बोलके आहे. १९९० पासून कायम रहिवासी असलेल्या एका मेक्सिकन गृहस्थाला दारू पिऊन गाडी चालवल्याच्या जुन्या शिक्षेवरून १९९८ मध्ये हद्दपार केले गेले. तो गुन्हा त्या गंभीर वर्गवारीत बसतच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ मधल्या एका निवाड्याने स्पष्ट झाले. तोवर तो देशाबाहेर होता. पुढे तो परतला आणि २०१७ मध्ये पुनःप्रवेशाचा खटला उभा राहिला. हद्दपारीचा आदेशच चुकीचा होता, एवढ्यावर त्याला बचाव घेता येणार नाही. कायद्यातल्या इतर अटीही पुऱ्या कराव्या लागतील, असे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले. पहिले पाऊल चुकले सरकारचे, गुन्हा मात्र त्याच्या नावावर!

त्याच वर्षी नेवाडातल्या न्यायाधीश मिरांडा डू यांनी, इतिहासकार केली लिटल हर्नान्डेझ यांची साक्ष ऐकून, पुनःप्रवेशाचे कलम १९२९ च्या वंशद्वेषातून जन्मल्यामुळे घटनाबाह्य ठरवले. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. कलम कायम आहे.

म्हणून 'वारंवार गुन्हे करणारा घुसखोर' असे शब्द कानी पडले की मी आधी विचारतो, वारंवार काय केले? माणूस मारला, की बायकापोरांकडे परतला? कायद्याच्या भाषेत दोन्ही फेलनीच. पण आपण दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत.

अमृतसरला उतरलेल्या त्या १०४ जणांत जमीन विकून, कर्ज काढून गेलेले अनेक होते. ते कर्ज काही विमानाने परत आले म्हणून फिटलेले नाही. ते फेडायला त्यांच्यातला कुणी उद्या पुन्हा त्याच वाटेने गेला, तर ब्लीसच्या कायद्याचा दुसरा भाग त्याची वाट पाहत असेल.