घाट कधी चढावा?

10 नोव्हेंबर 1830 रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम घोडागाडीतून बोरघाट उतरले. रस्ता अजून पुरता झालेला नव्हता, पण सोबतच्या मंडळींच्या गाड्याही सुखरूप खाली आल्या. एरवी हा घाट पायी, घोड्यावर नाहीतर पालखीत बसून उतरायचा. गाडीरस्ता झाला आणि मुंबई-पुणे प्रवासाचे रूपच पालटले. पनवेलपर्यंत होडी आणि तिथून पुढे गाडी, असा शिरस्ता पडला. माल्कम उतरले तेव्हा पावसाळा सरून महिना उलटला होता, झरे अजून वाहते होते आणि कातळ कोरडा पडला होता. सह्याद्रीतल्या प्रवासाचे वर्ष तेव्हा याच दिवसांत सुरू होई.

हा क्रम फार जुना आहे. नाणेघाटाच्या तोंडाशी आजही एक दगडी रांजण उभा आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे चढत असे. इजिप्तकडून येणारी गलबते जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर समुद्र ओलांडत आणि पावसाळ्याच्या शेवटी इकडच्या किनाऱ्याला लागत. माल बंदरात येऊन पडावा आणि घाटवाटा सुकू लागाव्यात, हे दोन्ही एकाच वेळी घडे. पुढे कित्येक शतके लमाणांचे तांडे कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशावर नेत राहिले. चार महिने मात्र तेही एखाद्या माळावर मुक्काम ठोकत. ओल्या घाटात बैलाचा पाय घसरला, तर बैल आणि मीठ दोन्ही दरीत जात.

फौजांनाही वेगळा नियम नव्हता. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळा छावणीत जाई. आपट्याची पाने लुटण्याच्या दिवसामागे नद्यांना उतार पडल्याचा आणि वाटा मोकळ्या झाल्याचा व्यवहार होता. हा व्यवहार मोडणाऱ्याला सह्याद्रीने सोडले नाही. 1702 च्या जूनमध्ये औरंगजेबाला विशाळगड मिळाला आणि ऐन पावसात त्याचे सैन्य माघारी वळले. पन्हाळ्यापर्यंतची थोडकी मजल मारायला त्या अफाट लष्कराला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यांना पूर, गुडघाभर चिखल. उंट, बैल आणि माणसे वाटेतच गेली. याच डोंगरातून 1660 च्या जुलैमधल्या एका रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले होते, तेही भर पावसात. पण त्यांच्याबरोबर मोजके मावळे होते, त्या मावळ्यांना वाट ठाऊक होती आणि प्रसंग जिवावरचा होता. हौसेने कोणी त्या रात्री बाहेर पडले नसते.

आषाढी वारी मात्र पावसातच चालते. हा अपवाद नीट पाहिला तर नियमाला धरूनच आहे. पालख्यांची वाट घाटमाथ्याकडे न जाता पूर्वेला, कमी पावसाच्या मुलखात उतरते आणि पेरणी आटोपलेला शेतकरी त्या दिवसांत मोकळा असतो.

इंग्रजांनी हे शहाणपण उचलले आणि त्यावर राज्यकारभाराचे वेळापत्रक बसवले. माल्कम यांनीच साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा मिळवली आणि तिथली पेठ माल्कमपेठ झाली. पुढे गव्हर्नराचा वर्षक्रमच ठरून गेला: हिवाळा मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरात, पावसाळा पुण्यात. पुण्यातले पावसाळी निवासस्थान आधी दापोडीला होते, नंतर गणेशखिंडीत भव्य वाडा उभा राहिला. आज त्याच इमारतीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे मुख्य कार्यालय आहे. जून लागला की महाबळेश्वर रिकामे होई. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या गावात मागे राहणारे लोक घरांच्या भिंती गवताने शाकारून घेत आणि ऑक्टोबरची वाट पाहत. घाट उतरून वाईला आले, तर पाऊस सातव्या-आठव्या हिश्शावर येतो. तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये ऋतू बदलतो, हे या डोंगराचे मोठे वैशिष्ट्य आहे. प्रवासाचा महिना निवडताना आजही सर्वात आधी हेच पाहायला हवे.

मग पावसात घाट बघायला जाण्याची आवड आली कुठून?

तिचे मोठे श्रेय रेल्वेकडे जाते. 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. हजारो मजुरांनी या कामात जीव गमावला होता. घाटातली वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली, असे लोक सांगतात. त्याचे देऊळ आजही रस्त्याकडेला आहे आणि येणारेजाणारे तिथे नाणे टाकतात. आगगाडीने प्रवाशाला पावसापासून वेगळे केले. बोगद्याबोगद्यांतून दिसणारे धबधबे कोरड्या बाकावर बसून पाहता येऊ लागले. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यती पावसाळ्यात भरत आणि मुंबईची श्रीमंत मंडळी त्यासाठी घाट चढत. 1 जून 1930 रोजी सुरू झालेल्या ‘दख्खनची राणी’ या गाडीचे पहिले प्रवासी प्रामुख्याने हेच शौकीन होते. पावसातला घाट पहिल्यांदा सुखाचा झाला तो असा, रुळांवरून, खिडकीच्या आतून.

मोटार आली तेव्हा ही आवड रुळांवरून रस्त्यावर उतरली. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबईहून लोणावळा दोन तासांच्या आत आले. रेल्वेसाठी बांधलेल्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर जुलैच्या रविवारी पाय ठेवायला जागा उरेना. ताम्हिणी, माळशेज, वरंध, आंबेनळी हे घाटही त्याच वाटेने गेले. पूर्वज ज्या आठवड्यांत घराबाहेर पडायचे टाळत, नेमके तेच आठवडे सहलीचा हंगाम झाले.

या बदलाची किंमत लहान नाही. 28 जुलै 2018 रोजी दापोलीहून महाबळेश्वरला वर्षासहलीसाठी निघालेली बस आंबेनळी घाटात कोसळली आणि 30 जणांचा बळी गेला. 30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या वरच्या ओढ्याला अचानक लोंढा आला आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आंबेनळीचा रस्ताच जागोजागी तुटून गेला. अशा दिवशी चालकाचे कौशल्य फारसे कामाला येत नाही. काळ्या कातळाच्या थरांमध्ये मुरूम आणि माती असते. ती पाणी पिऊन सैल होते आणि वरचा दगड सुटतो. त्यातच घाटमाथ्यावरचे धुके भरदुपारी पुढचे वळण गिळून टाकते.

म्हणून सुंदर रस्ता बघायला निघणाऱ्याने जुने पंचांगच मानावे. सप्टेंबरच्या शेवटापासून दिवाळीपर्यंतचे दिवस या घाटांसाठी सर्वात चांगले आहेत. गवत अजून हिरवे असते, भाताची खाचरे पिवळी पडत असतात, बरेच धबधबे चालू असतात आणि पावसाने धुतलेल्या हवेत माथ्यावरून दूरवरचे किल्ले दिसतात. साताऱ्याजवळच्या कास पठारावरची फुले सप्टेंबरात ऐन बहरात असतात, ऑक्टोबर सुरू झाला की ओसरू लागतात. ज्याला ती पाहायची असतील त्याने दसऱ्याची वाट पाहू नये आणि आधी नोंदणी करावी. परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह कोसळतो, त्यामुळे सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत घाट ओलांडावा. पावसाळ्यात उखडलेले रस्ते तोवर सगळीकडे दुरुस्त झालेले नसतात, म्हणून वेग बेताचा ठेवावा. हिवाळाही वाईट नाही, पण डिसेंबरपासून रंग उतरतो आणि मार्चमध्ये डोंगर करपलेले दिसतात.

आणि पाऊसच पाहायचा असेल, तर जुलैत पुण्याकडे जाणाऱ्या दिवसाच्या गाडीचे खिडकीजवळचे तिकीट काढावे. कर्जत सोडले की घाट सुरू होतो.