पेन्शन बुडाली, तिथून सुरू झालेली गोष्ट

डिसेंबर १९६३. अमेरिकेत साउथ बेंडचा स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद पडला. चाळिशी-पन्नाशीतल्या सुमारे ४,००० कामगारांना हक्काच्या पेन्शनपैकी डॉलरमागे जेमतेम १५ सेंट मिळाले. त्याची बोंब वर्षानुवर्षं चालली. शेवटी १९७४ला पेन्शन कायदा आला, आणि त्यातूनच ज्याचं त्याने सांभाळायचं निवृत्ती खातं, ‘आयआरए’.

कायद्याने आयुर्विम्यासारख्या मोजक्या गोष्टींना मनाई केली. बाकी जमीन, घर, खाजगी कंपनीचे शेअर चालतात! पीटर थीलने १९९९ला अशाच खात्यातून १,७०० डॉलरचे पेपालचे शेअर घेतले. २०१९ला खात्यात ५ अब्ज.

पण थील एखादाच. गुंतवणूक खरी की बनावट, हे खातं सांभाळणारी संस्था सहसा तपासतच नाही. तिथल्या एसईसीने, म्हणजे त्यांच्या सेबीने, २०११ला तसा इशाराच दिला. म्हातारपणीचा पैसा बुडाला तर आता बोट दाखवायला कारखानाही नाही.